पेनल्टी बॉक्समधली सात मिनिटे : आइस हॉकीतील मारामारी, कन्कशन आणि एका खेळाडूची परत येण्याची वाट

पार्श्वभूमी

हॉकी म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवे टर्फ आणि मेजर ध्यानचंद येतात. हे प्रकरण त्या हॉकीचे नाही. ते कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातील आइस हॉकीचे आहे. या खेळात दोन खेळाडू सामना सुरू असताना हातातले ग्लोव्हज बर्फावर टाकून एकमेकांना उघड्या मुठींनी मारू लागतात आणि पंच त्यांना लगेच सोडवत नाहीत. एक जण खाली पडला किंवा दोघांचेही हात थकले की लाइन्समन (सहायक पंच) मध्ये पडतात, दोघांनाही पाच पाच मिनिटांची शिक्षा होते आणि ती भोगून दोघेही पुन्हा खेळायला उतरतात. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या नियमावलीत मारामारीसाठी ४६ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आणि अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धांत हाच प्रकार केला तर खेळाडूला सामन्यातून बाहेर जावे लागते. म्हणजे ही मारामारी खेळाचा अटळ भाग नाही. कुठे तिला जागा द्यायची आणि कुठे नाही, हे माणसांनी बसून ठरवलेले आहे.

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. फिजिओथेरपीचे शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि आता ओंटारियोत काम करते. एका लहान शहरातल्या ज्युनियर संघासाठी मी आठवड्यातून दोन दिवस जात असे. ज्युनियर म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले. ती घरापासून दूर, एखाद्या स्थानिक कुटुंबात राहून खेळतात. या कुटुंबांना इथे ‘बिलेट’ म्हणतात आणि मुलाच्या जेवणखाण्यापासून झोपेपर्यंत सगळे त्यांच्याच नजरेखाली असते.

ज्याच्याबद्दल हे लिहिते आहे तो एकोणीस वर्षांचा डावा विंगर, म्हणजे डाव्या बाजूने खेळणारा आघाडीचा खेळाडू होता. त्याला मी पुढे ‘विंगर’ असेच म्हणेन. त्याच्या नावावर गोल फार नव्हते. प्रतिस्पर्ध्याने आपल्या चांगल्या खेळाडूला दांडगाईने पाडले की त्याचा हिशेब चुकता करायचा, हे त्याचे संघातले काम होते. अशा खेळाडूला एन्फोर्सर म्हणतात. त्याच्या संमतीने आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हे प्रकरण मांडते आहे. वैद्यकीय घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

घटना

नोव्हेंबर २०२३ मधला शुक्रवार होता. सामन्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात, म्हणजे दुसऱ्या पिरियडमध्ये, संघ ४-१ असा मागे पडला होता. प्रतिस्पर्धी संघातल्या त्याच्याच वजनाच्या खेळाडूने त्याला काहीतरी सुनावले आणि दोघांचे ग्लोव्हज खाली पडले. पुढचा प्रकार जेमतेम अर्धा मिनिट चालला. या अर्ध्या मिनिटात विंगरच्या डाव्या जबड्यावर एक ठोसा बसला, हेल्मेटचा पट्टा निसटला आणि हेल्मेट मागे सरकले. मग दोघेही एकमेकांची जर्सी पकडलेल्या अवस्थेत कोसळले. विंगर खाली, दुसरा वर. डोक्याचा मागचा भाग बर्फावर आपटला.

बाहेरून पाहणाऱ्याला ठोसा दिसतो आणि लोक ठोशाबद्दलच बोलतात. प्रत्यक्षात अशा लढतीत पडणे हे ठोशाइतकेच, कित्येकदा ठोशापेक्षा जास्त घातक असते. एरवी माणूस पडताना नकळत हात टेकतो. इथे एक हात समोरच्याच्या जर्सीत अडकलेला असतो आणि दुसरा मूठ आवळून उगारलेला असतो. त्यात स्केटच्या पात्यांवर उभे असल्यामुळे तोल सावरण्याची सोय नसते आणि वरून दुसऱ्याचे वजन येते. डॉन सँडरसन हा एकवीस वर्षांचा खेळाडू डिसेंबर २००८ मध्ये ओंटारियोतच असाच पडला. हेल्मेट निघालेले होते, डोके बर्फावर आदळले, तो कोमात गेला आणि २ जानेवारी २००९ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर लढताना हेल्मेट काढण्याविरुद्ध नियम कडक झाले. परंतु हेल्मेट मुख्यतः कवटी फुटू नये म्हणून असते. आतला मेंदू गरकन फिरणे ते थांबवू शकत नाही, आणि कन्कशनला, म्हणजे मार बसून मेंदूच्या कामात होणाऱ्या बिघाडाला, कारण होते ते हेच फिरणे आणि हादरणे.

विंगर तीन-चार सेकंदांत स्वतःच उठला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तो सरळ पेनल्टी बॉक्सकडे, म्हणजे शिक्षा भोगायला बसायच्या जागेकडे, निघाला आणि त्याने प्रतिस्पर्धी संघाच्या बॉक्सचे दार उघडले. लाइन्समनने त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवले आणि शेजारच्या, त्याच्या स्वतःच्या बॉक्सकडे नेले. स्टँडमध्ये हशा पिकला. आमच्या बेंचवरही दोघे-तिघे हसले.

त्या हसण्याच्या क्षणी हे प्रकरण आमच्या हातातून निसटले, असे मला आज वाटते.

जे कुणाला दिसले नाही

बहुतेक रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानांत, पेनल्टी बॉक्स संघाच्या बेंचच्या बरोबर समोर, बर्फाच्या पलीकडे असतात. डोक्याला मार बसण्याची शक्यता ज्या प्रसंगात सर्वाधिक, त्याच प्रसंगानंतर खेळाडूला संघाच्या ट्रेनरपासून, म्हणजे दुखापती पाहणाऱ्या माणसापासून, शक्य तितक्या दूर नेऊन एकट्याला बसवले जाते. शिवाय दोघांनाही एकाच वेळी पाच मिनिटे मिळाली असतील तर वेळ संपली तरी खेळ थांबेपर्यंत बाहेर येता येत नाही. त्या दिवशी विंगर सुमारे सात मिनिटे तिथे होता. मोलाची सात मिनिटे होती ती, आणि त्याच्या शेजारी होते फक्त बॉक्सचे दार उघडबंद करणारे एक वयस्क स्वयंसेवक. ‘किती मिनिटे मिळाली?’ असे मुलाने आपल्याला दोनदा विचारले, हे त्यांना दिसले, ऐकू आले आणि लक्षातही राहिले. पण ते कुणाला सांगायचे असते, हे त्यांना कधी कुणी सांगितलेले नव्हते.

आमचा ट्रेनर त्या वेळी दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचे सैल झालेले पाते बसवत होता. विंगर बेंचवर आला तेव्हा त्याने विचारले, ‘ठीक आहेस ना?’ विंगरने मान हलवली. या प्रश्नाचे दुसरे उत्तर मी आजवर कुठल्याही खेळाडूकडून ऐकलेले नाही. लक्ष आणि स्मृती तपासायला साधे, ठरलेले प्रश्न आहेत: आपण कुठल्या रिंकवर आहोत, आत्ता कितवा पिरियड चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, तो आपण जिंकलो का. एक मिनिटही लागत नाही, आणि मान हलवून त्यांतून सुटता येत नाही. ते विचारले गेले नाहीत. विंगर तिसऱ्या पिरियडमध्ये सात शिफ्ट (एका वेळी थोडा वेळ बर्फावर उतरून खेळण्याच्या पाळ्या) खेळला आणि शनिवारी बसने तीन तासांचा प्रवास करून परगावचा सामनाही खेळला.

रविवारी सकाळी तो राहत होता त्या घरातल्या बाईंना तो स्वयंपाकघरात दिसला. पडदे ओढलेले, दिवा बंद, आणि हा अंधारात वाडग्यातले सीरियल खात बसलेला. दूध ओतून बराच वेळ झाला असावा, कारण त्याचा पार लगदा झाला होता. बाईंनी दिवा लावला तेव्हा त्याने डोळ्यांवर हात धरला आणि ‘कृपा करून बंद करा’ एवढेच म्हटले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या या बाईंनी सोमवारी सकाळी ट्रेनरला फोन केला. या साऱ्या प्रकरणात वेळेवर आणि न कचरता बोललेल्या त्या एकट्याच.

पहिला निर्णय : सोमवार

ट्रेनरने मला बोलावले तेव्हा घटनेला तीन दिवस होऊन गेले होते. त्याने अगदी मोकळेपणाने विचारले की, सामना बुधवारी आहे. तोवर विश्रांती देऊन पाहू आणि बरे वाटले तर खेळवू, की आत्ताच अधिकृत नोंद करू? हा पर्याय ऐकायला जितका निष्पाप वाटतो तितका तो नाही. नोंद झाली की डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय खेळता येत नाही आणि संघाला त्याच्याशिवाय कित्येक सामने काढावे लागतात, हे ‘थांबून पाहू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

ओंटारियोत याबाबत कायदा आहे आणि त्यामागे एका मुलीचा मृत्यू आहे. रोवन स्ट्रिंगर ही ओटावातली सतरा वर्षांची रग्बी खेळाडू. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला वारंवार मार बसला, पहिल्या मारातून मेंदू सावरण्याआधी पुढचा बसला, आणि ती गेली. तिच्या मृत्यूच्या चौकशीतून ४९ शिफारशी पुढे आल्या आणि २०१८ मध्ये रोवनच्या नावाने कायदा झाला. कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, असे त्या कायद्याच्या चौकटीत बंधनकारक आहे. खात्री पटण्याची वाट पाहायची नाही, शंका पुरेशी आहे, हे त्याचे मर्म.

म्हणून सोमवारी खरे तर निवडायला काही उरलेच नव्हते. तरीही मी ट्रेनरबरोबर दहा मिनिटे बोलत बसले, त्याची अडचण समजून घेत राहिले. ती दहा मिनिटे मी दवडायला नको होती, कारण मी चर्चा केली म्हणजे चर्चेला जागा आहे असा अर्थ त्याने घेतला आणि पुढे त्याचा त्रास झाला.

त्याच दुपारी विंगरची तपासणी केली. लक्षणांच्या यादीत बावीस बाबी असतात आणि प्रत्येकीला शून्य ते सहा गुण द्यायचे असतात. डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास, डोके जड होणे, धुक्यात असल्यासारखे वाटणे, झोप न लागणे, चिडचिड या सगळ्यांना त्याने गुण दिले होते. दहा शब्दांच्या यादीतले त्याला थोड्या वेळाने चारच आठवले. वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणताना तो ऑगस्टला अडखळला. एका पायावर डोळे मिटून उभे राहताना त्याने वारंवार पाय टेकला. मान दुखत होती, पण हातापायांत अशक्तपणा, उलट्या किंवा वाढत जाणारी डोकेदुखी ही धोक्याची लक्षणे नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून कन्कशनचे निदान केले. ‘स्कॅन नॉर्मल आला तर मी ठीक आहे ना?’ असे त्याने त्यांना विचारले. कन्कशन सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही; स्कॅन रक्तस्राव किंवा हाड मोडले आहे का हे पाहायला असतो, हे त्यांनी त्याला चित्र काढून समजावले.

जुन्या मारांची चौकशी केली तेव्हा त्याने आधी एकच कन्कशन सांगितले, सोळाव्या वर्षीचे. डोळ्यांसमोर काजवे चमकले, काही क्षण कुठे आहोत ते कळले नाही, असे कितीदा झाले, असा प्रश्न फिरवून विचारल्यावर आणखी तीन प्रसंग निघाले. तिन्ही मारामारीतले. मला हे ऐकून आमच्या गावची कबड्डीची मैदाने आठवली. डोके गरगरते आहे म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा चढाईला पाठवताना मीही लहानपणी पाहिले आहे, आणि तेव्हा त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

परतीचा मार्ग आणि घसरण

२०२२ मध्ये खेळांतील कन्कशनविषयी ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनानुसार परतीच्या सहा पायऱ्या आहेत. पूर्वी अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायला सांगत. आता पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, आणि त्यानंतर हलकी हालचाल सुरू करणेच हिताचे मानतात. विंगरच्या बाबतीत विश्रांतीचे ते पहिले दोन दिवस एका सामन्यात आणि बसप्रवासात गेले होते.

रोजची साधी कामे, मग व्यायामाची सायकल. त्याच्या वयाला अंदाजे कमाल हृदयगती २०१ धरून आधी ११० ठोक्यांपर्यंत आणि नंतर १४० पर्यंत नेले. मग एकट्याने स्केटिंग, मग धक्काबुक्की नसलेला सराव. नवव्या दिवशी त्याने लक्षणांच्या कागदावर सगळीकडे शून्य लिहिले. बाराव्या दिवशी संघासोबत सराव करताना वेगाने वळण घेतले आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. मळमळ सुरू झाली. व्यायामाने लक्षणे किंचित वाढली आणि तासाभरात ओसरली तर ते चालते. त्याची डोकेदुखी दहापैकी एकवरून पाचवर गेली आणि रात्रीपर्यंत उतरली नाही.

त्या संध्याकाळी त्याने कबूल केले की सहाव्या दिवसापासून तो कागद खोटा भरत होता. मला त्याचा राग आला नाही. मला राग आला तो माझ्या पद्धतीचा. ज्याला खेळायची घाई आहे त्याच्याच हातात लेखणी देऊन मी त्याच्या उत्तरावर पायऱ्या चढवत होते. डोळे आणि तोल यांच्या चाचण्या मी पहिल्या दिवशी केल्या, पण प्रत्येक पायरीला पुन्हा केल्या नाहीत. केल्या असत्या तर डोके हलवत एका बिंदूवर नजर ठेवताना त्याला होणारा त्रास चार-पाच दिवस आधीच पकडता आला असता.

पुन्हा खालच्या पायरीवर यावे लागले. मानेचे उपचार, नजर स्थिर ठेवण्याचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम यांत तीन आठवडे गेले. पूर्ण धक्काबुक्कीच्या सरावाला डॉक्टरांनी अडतिसाव्या दिवशी परवानगी दिली.

खरा पेच : खेळायची परवानगी म्हणजे लढायची परवानगी का?

सहा पायऱ्यांत ‘पूर्ण संपर्क सराव’ अशी पायरी आहे. त्यात शरीराचे धक्के येतात, कठड्यावर आदळणे येते. उघड्या मुठीचे ठोसे खाण्याची पायरी कुठल्याही मार्गदर्शनात नाही आणि असूही शकत नाही. कुठलाही डॉक्टर ‘आता याला जबड्यावर मारून घ्यायला हरकत नाही’ असे लिहून देणार नाही. पण या मुलाला ‘खेळायला तंदुरुस्त’ असा कागद दिला की त्याच्या संघात त्याचा अर्थ नेमका तोच होणार होता. प्रशिक्षकांनी तो बोलूनही दाखवला: ‘डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे ना? मग खेळ म्हणजे पूर्ण खेळ.’

बैठकीला प्रशिक्षक, व्यवस्थापक, ट्रेनर, मी, फोनवर डॉक्टर आणि विंगरचे वडील होते. तीन मार्ग समोर होते. कसलीच अट न घालता परत घ्यायचे. हंगाम संपेपर्यंत लढायचे नाही अशा लेखी अटीवर घ्यायचे. किंवा या हंगामापुरते थांबवायचे.

अट घालण्याला प्रशिक्षकांचा आक्षेप होता आणि तो मी हलक्यात घेतला नाही. ज्याला परत मारायची मुभा नाही त्याला प्रतिस्पर्धी मुद्दाम डिवचतील, तो बेसावध असताना झडप घालतील, आणि बेसावध मानेवर बसलेला मार अधिक वाईट. यात तथ्य आहे. एन्फोर्सर असला की बाकीचे खेळाडू सुरक्षित राहतात, हा त्यांचा दुसरा मुद्दा मला पटला नाही. त्या शुक्रवारी तो संघात असूनही आमच्या खेळाडूंना पाडले गेलेच होते. व्यवस्थापकांनी स्वायत्ततेचा मुद्दा काढला: मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याचे त्याला ठरवू द्या. ज्याची संघातली जागाच मुठींवर टिकून आहे, त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येईल का, हा माझा प्रश्न होता.

मी बैठकीत माहितीही मांडली. बॉब प्रोबर्ट आणि डेरेक बूगार्ड हे दोघे एनएचएलमधले नावाजलेले लढवय्ये. प्रोबर्ट २०१० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी आणि बूगार्ड २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेले आणि बोस्टन विद्यापीठातल्या तपासणीत दोघांच्याही मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवार बसलेल्या मारांशी जोडला जाणारा ऱ्हास, आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६७ पासूनच्या एनएचएल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लढणारे खेळाडू त्यांच्या तोडीच्या इतर खेळाडूंपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधी मरण पावल्याचे दिसले. प्रामाणिकपणे सांगायचे तर मृत्यूंच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता, फरक होता तो वयात आणि मृत्यूच्या कारणांत. एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी हॉकी आणि सीटीई यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही अशी भूमिका वेळोवेळी घेतली आहे, हे व्यवस्थापकांनी मला लगेच ऐकवले. मी एवढेच म्हटले की त्याच २०२३-२४ च्या हंगामापासून क्वेबेकच्या ज्युनियर लीगने मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायचा नियम केला आहे आणि तिथले सामने बंद पडलेले नाहीत.

या सगळ्याचा विंगरवर काडीमात्र परिणाम झाला नाही. तो मला नंतर एकट्याने भेटला आणि म्हणाला, ‘मी लढायचे नाही, तर मग मी संघात कशासाठी आहे?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी लॅपटॉपवर त्याला त्या शुक्रवारची चित्रफीत दाखवली. स्वतःचा ठोसा पाहताना तो खुशीत होता. मग तो पडला, उठला, आणि पडद्यावर चुकीचे दार उघडताना दिसला. त्याने चित्रफीत मागे नेली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्याने विचारले, ‘हे मी केलं?’ दार, लाइन्समन, हशा, यांतले त्याला काहीच आठवत नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की कागदावर सही करतो.

लेखी अट अशी ठरली: हंगाम संपेपर्यंत ग्लोव्हज टाकायचे नाहीत, प्रशिक्षक त्याला प्रतिस्पर्ध्याच्या एन्फोर्सरसमोर मुद्दाम उतरवणार नाहीत, कुणी अंगावर आलाच तर त्याला घट्ट मिठी मारून लाइन्समनची वाट पाहायची, आणि कुठल्याही कारणाने डोक्याला ठोसा बसला तर त्याच क्षणी खेळ थांबवून शांत खोलीत तपासणी. व्यवस्थापकांनी नाखुशीने सही केली. हंगाम थांबवण्याचा मार्ग आम्ही सोडून दिला, कारण लक्षणे पूर्ण गेली होती आणि खेळ बंद झाला तर हा मुलगा मनाने खचेल अशी त्याच्या वडिलांना आणि डॉक्टरांना रास्त भीती वाटत होती. याआधीही चार वेळा मेंदूला हादरा बसलेला असताना तो मार्ग आम्ही पुरेसा तोलून पाहिला का, याबद्दल माझे मन आजही स्वस्थ नाही.

परिणाम

चव्वेचाळिसाव्या दिवशी तो सामना खेळला. पुढच्या सामन्यांत त्याला दोनदा आव्हान आले आणि त्याने मान फिरवली. फेब्रुवारीत एका प्रतिस्पर्ध्याने त्याची जर्सी पकडून दोन ठोसे मारले. विंगरने ठरल्याप्रमाणे त्याला मिठी मारली. ट्रेनरने त्याला बॉक्सकडे जाऊ न देता थेट आत नेले, पूर्ण तपासणी केली, उरलेला सामना त्याला बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशीही लक्षणे नव्हती.

किंमत त्याने मोजली. सामन्यात सुमारे अकरा मिनिटे खेळणारा मुलगा सहा मिनिटांवर आला. बसमध्ये नेहमी त्याच्या शेजारी बसणारा सहकारी दुसरीकडे बसू लागला. ज्या व्यावसायिक कराराची त्याला आशा होती तो मिळाला नाही. प्रखर प्रकाशात डोके दुखणे मात्र वसंत ऋतूपर्यंत अधूनमधून सुरू राहिले. पुढच्या वर्षी तो कॅनडातल्या एका विद्यापीठात दाखल झाला आणि आता तिथल्या संघाकडून खेळतो. तिथे मारामारी केली की सामन्यातून बाहेर जावे लागते, त्यामुळे ‘कशासाठी आहे’ या प्रश्नाचे उत्तर त्याला स्केटिंगमध्ये शोधावे लागले. बचावफळीला मागे रेटत पक (खेळातली रबरी चकती) मिळवण्यात तो चांगला आहे, असे त्याच्या तिथल्या प्रशिक्षकांनी मला सांगितले. आमच्याकडे तीन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, मारामारी झाली की शंका आहे असेच धरून चालायला हवे होते. डोक्याला ठोसा बसलेला किंवा डोके बर्फावर आपटलेला खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये न जाता आत जायला हवा आणि त्याची शिक्षा दुसऱ्या कुणीतरी भोगायला हवी. गोलरक्षकाच्या शिक्षेसाठी त्याच्याऐवजी दुसरा खेळाडू बॉक्समध्ये बसतोच. म्हणजे नियमाला ही कल्पना परकी नाही. लीगचा नियम बदलणे आमच्या हातात नव्हते, पण ट्रेनरने पंचांकडे तपासणीची मागणी करणे हातात होते.

दुसरे, लक्षणांचा कागद ही एका बाजूची साक्ष आहे. आता मी बिलेट कुटुंबाकडूनही आठवड्यातून दोनदा माहिती घेते, अर्थात खेळाडूच्या संमतीने. झोप, भूक, दिवा, आवाज, चिडचिड, एवढेच विचारते. घरातल्या माणसाला ज्या गोष्टी दिसतात त्या दवाखान्यातल्या अर्ध्या तासात मला दिसत नाहीत. टोरांटोच्या आसपास राहणारी आणि मुलांना पहाटे पाच वाजता रिंकवर पोहोचवणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. डोक्याला मार लागल्यावर तुमचा मुलगा ‘ठीक आहे’ म्हणाला तरी त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तो जेवताना, उजेडात, अभ्यासाला बसताना कसा आहे ते पाहा आणि काही खटकले तर सोमवारपर्यंत थांबू नका.

तिसरे, लढण्याबद्दलची अट अडतिसाव्या दिवशी घाईने लिहिण्याची वेळ यायला नको होती. ती हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूशी बोलून ठरवलेली असती तर विंगरला ती आपल्यावरची शिक्षा वाटली नसती.

त्या रिंकच्या दोन्ही पेनल्टी बॉक्समध्ये आता दाराच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवले आहे. त्यावर ते पाच प्रश्न आणि ट्रेनरला हात वर करून कसे बोलवायचे ते लिहिले आहे. ते कार्ड करताना कुठले प्रश्न ठेवायचे हे मी दार सांभाळणाऱ्या त्या स्वयंसेवकांनाच विचारले होते. त्यांनी त्यात स्वतःच्या हस्ताक्षरात सहावी ओळ वाढवली: ‘तो कुठल्या दाराने आला, ते पाहा.’